माळावरचे चाळीस डबे

मी काय काम करते हे आमच्या घरच्यांनी लोकांना कधीच धड सांगितलं नाही. वडील जालन्यातल्या आमच्या मस्तगडात भेटेल त्याला "जंगलाच्या कामावर आहे" एवढंच म्हणायचे आणि विषय मोसंबीच्या भावावर न्यायचे. आई त्याहून सावध. ती म्हणायची, सर्व्हे असतो. कसला, असं कुणी विचारलं की तिला गॅसवरचं दूध आठवायचं. त्यांचं तरी काय चुकलं? प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, एकतिशीला टेकलेली मुलगी वडीगोद्रीच्या पुढच्या माळावर उंदीर पकडते, हे वाक्य कुठल्याच हळदी-कुंकवात शोभत नाही. एका लग्नात एका बाईंनी तरीही ते माझ्याकडून काढून घेतलंच, आणि लगेच म्हणाल्या, मग आमच्याकडे या ना एकदा, फार झालेत. मी सांगितलं, मी पकडते, पण सोडून देते. त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहणारी माणसं मला पुढं वर्षभर भेटत राहिली.

काम साधं होतं. अंबड तालुक्यातल्या काही माळांवर सौरऊर्जेच्या काचा बसवायच्या होत्या, आणि त्याआधी तिथं काय काय जगतं ते कुणीतरी कागदावर लिहून द्यायचं होतं. पक्षी एकाकडे, झाडं दुसऱ्याकडे, आणि उंदीर, चिचुंद्री, खार, काटेरी जाहक असले हातभर लांबीच्या आतले जीव माझ्याकडे. ज्या माळावर सांगण्यासारखं काही निघणार नाही त्याच्यापुढं 'ओसाड' असा शेरा पडणार होता. शेरा पडला की तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत काचा. आमचे सर पुण्यात बसून फोनवर हे सगळं चालवायचे. माळ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते 'साइट क्रमांक चार' म्हणायचे.

साइट क्रमांक चार म्हणजे वडीगोद्रीपासून सात-आठ किलोमीटर आत, मुरमाड उताराचा एक लांबट माळ. वर कुसळी गवत, तरवड, मधूनमधून बोरी, आणि खाली ओढ्याच्या अंगाला हिवर-खैराची दाट झाडी. माळाच्या कडेला आठ-दहा घरांची वस्ती. वस्तीतल्या पहिल्याच घरात एक मावशी राहायच्या. साठीच्या पुढच्या, अंगानं काटक, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता, आणि त्यांच्याकडे बावीस मेंढ्या होत्या. मेंढ्या त्या माळावर चरायच्या. दुसरीकडे चारायला जागाच नव्हती, सगळीकडे ऊस नाहीतर मोसंबी.

पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून डब्यांची दोन पोती उतरवत होते तेव्हा मावशी येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय, म्हणून विचारलं. मी घाईत होते, आणि घाईत असले की मी खरं तेच बोलते. म्हणाले, या माळावर किती जीव राहतात ते मोजायचंय, काही निघालं नाही तर माळ ओसाड ठरेल आणि कुंपण पडेल. त्यांनी एकच विचारलं.

"मंग मेंढ्या कुठं चारायच्या?"

मी म्हणाले, म्हणून तर मोजतेय ना मावशी. हे बोलल्यावर मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

आमचे पिंजरे म्हणजे पत्र्याचे घडीचे डबे. दीड वीत लांब, एका तोंडाला झडप. आत पाय पडला की झडप मिटते, जीव आत राहतो, त्याला काही इजा होत नाही. असे चाळीस डबे. पुस्तकात आमिष म्हणून परदेशी पदार्थ लिहिलेले असतात, पण वडीगोद्रीत जे मिळतं त्यातच भागवावं लागतं, म्हणून मी शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि बाजरीचं पीठ तेलात मळून त्याच्या गोळ्या करायचे. थंडीचे दिवस होते, तेव्हा आत उबेला थोडा कापूस. संध्याकाळी दहा-दहा पावलांवर डबे मांडायचे, जवळच्या झुडपाला नंबर लिहिलेली लाल चिंधी बांधायची, आणि सकाळी ऊन चढायच्या आत सगळे बघायचे, कारण पत्रा तापला की आतला जीव भाजून मरतो. निघालेल्या प्राण्याला पिशवीत घेऊन वजन करायचं, शेपूट मोजायची, शेपटीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावायचा आणि पकडला तिथंच सोडायचं. ठिपकेवाला पुन्हा सापडला तर त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. नेलपॉलिश मी वडीगोद्रीतल्या बांगड्यांच्या दुकानातून घेतलं. दुकानदारानं कुठली शेड दाखवू विचारलं तेव्हा मी म्हणाले, भुऱ्या रंगावर उठून दिसेल अशी. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि समजूतदारपणे दोन पुढं केल्या.

पहिल्या सकाळी चाळीसपैकी पाच डबे मिटलेले निघाले. त्यात दोन उंदीर असे होते की माझा आनंद पोटात मावेना. बोटाएवढे, पाठीवरचे केस काट्यासारखे राठ. हा उंदीर आपल्या बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा करून ठेवतो. कशासाठी, ते त्यालाच माहीत. घरात तो येत नाही, शेतातही फारसा नाही, त्याला मोकळा मुरमाड माळच लागतो. म्हणजे तो निघाला की माळ जिवंत आहे असं छातीठोकपणे लिहिता येतं. मी सरांना फोटो पाठवले. सरांनी अंगठा पाठवला.

त्या दिवशी मी जी चूक केली ती आधी कबूल करते. डबे स्वतः बघायचे, दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण मी वडीगोद्रीत पंक्चरवाल्याच्या वर खोली घेतली होती, स्कूटर थंडीत किक मारून मारून सुरू व्हायची, आणि खरं सांगायचं तर मला पहाटे उठवत नव्हतं. म्हणून मी मावशींना विचारलं, दिवस उगवायला सगळे डबे उचलून तुमच्या दारातल्या हिवराच्या सावलीत आणून ठेवाल का? झडप उघडायची नाही, नुसते उचलायचे. प्रत्येक डब्यावर नंबर आहे, मी येऊन बघते आणि नंबर बघून पुन्हा तिथंच सोडते. त्याचे पैसे देते, असंही म्हणाले. पैशाचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. डब्याचं मात्र बराबर ऐकून घेतलं आणि मान हलवली.

दुसऱ्या सकाळी सात वाजता पोचले तर हिवराखाली चाळीस डबे नंबरवार मांडलेले, शेजारी रांगोळी काढायची तेवढी राहिली होती. एकोणीस भरलेले. एकोणीस! चांगल्या रानात दहाला एक डबा भरला तरी आम्ही खूश असतो. तिसऱ्या दिवशी सव्वीस. चौथ्या दिवशी एकतीस, आणि त्यात अकरा ठिपकेवाले. पकडलेले प्राणी इतक्या निष्ठेनं परत येतात हे मी कुठं वाचलंही नव्हतं. माझं डोकं अर्थातच फिरलं. मी खोलीवर बसून गणितं करत होते आणि आकडे असे येत होते की त्या माळावर पाऊल ठेवायला जागा उरू नये.

एकच गोष्ट खटकत होती. सगळे घरउंदीर होते. गुबगुबीत, तुकतुकीत, वजनकाट्याला जड. ते राठ केसांचे बारके पुन्हा दिसले नाहीत. पहिल्या रात्री दोन आले तो योगायोग असावा असं मी वहीत लिहिलं. एका डब्यात घूस होती. ती मुळात त्या डब्यात मावत नाही. झडपेतून अर्धी शेपूट बाहेर आणि आत ती अशी कोंबलेली की बाहेर काढायला मला अर्धा तास लागला. ती आत शिरली कशी याचा मी फार शास्त्रीय विचार केला. मग पाचव्या सकाळी दोन डब्यांत उंदीरच नव्हते. झडप मिटलेली आणि आत मूठ-मूठ पिकलेली बोरं. मी चक्रावले. शेवटी वहीत लिहिलं की येथील उंदीर पिंजऱ्याचा वापर अन्न साठवण्यासाठी करत असावेत. शब्दशः असं लिहिलं, खाली रेघ मारली, बोरांचा फोटो काढला आणि सरांना पाठवला. हे नवीनच आहे, असं सर म्हणाले. बोरं मी खाल्ली. गोड होती.

त्या संध्याकाळी मात्र सरांचा फोन आला आणि सूर वेगळा होता. त्यांनी माझी पाच दिवसांची यादी कुणाला तरी दाखवली होती. सर म्हणाले की संख्या भरपूर आहे, पण जाती बघ. सगळे माणसाच्या आश्रयानं जगणारे. याचा अर्थ ही जागा पार बिघडलेली आहे, उकिरड्यासारखी, तिथं रानातलं काही शिल्लक नाही. ओसाड लिहायला आपल्याला आता अडचण नाही. मी पहिल्या दिवशीच्या दोघांचं नाव काढलं, तर ते म्हणाले, दोनावर अहवाल लिहिता येत नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीत उभी होते. खाली पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मला त्या माळाचं वाईट वाटत होतं, पण त्याहून मावशींना आता काय तोंड दाखवायचं याचं जास्त. त्या रोज मला चहा द्यायच्या. त्यात मेंढीचं दूध असायचं, ते मला आवडत नव्हतं आणि मी ते रोज प्यायचे.

त्या रात्री झोपच आली नाही म्हणून सहाव्या दिवशी साडेपाचलाच निघाले. म्हटलं, चिंध्यांच्या ओळीनं एकदा स्वतः फिरून बघू, ते खडेवाले गेले कुठं. पोचले तर नुकतं उजाडत होतं. मावशी माळावर होत्या. एका हातात गोणी आणि दुसऱ्या हातात घरचा उंदराचा लाकडी पिंजरा. बाविसाव्या चिंधीपाशी त्या खाली बसल्या, डबा उचलला, हलवून पाहिला, झडप उघडली, गोणीत हात घातला, एक उंदीर शेपटीला धरून आत टाकला, झडप मिटवली, आणि डबा पदरानं पुसला. मग तेविसाव्याकडे निघाल्या.

मी हाक मारली तशा त्या दचकल्या नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, आज जल्दी आलात, अजून अठरा राह्यले. मी विचारलं, मावशी, हे काय करून राहिलात तुम्ही? माझा आवाज चढला होता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हे काय विचारणं झालं.

"मॅडम, तुमी रोज सांजच्याला डबा भरून देता. शेंगदाणे, गूळ, वरून कापूस. अन् सकाळी मी त्यो रिकामा हातात देऊ? असं कुणी करतं व्हय?"

मला हे लगेच पटलं, कारण मी मस्तगडात वाढले आहे. आमच्या ओट्यावर शेजारणींचे दोन-तीन डबे कायम पडून असायचे. त्यांच्यात घालून द्यायला आईला काही सुचलेलं नसायचं, म्हणून ते आठ-आठ दिवस परत जात नसत. मी आठ-नऊ वर्षांची असताना एक डबा रिकामा परत देऊन आले होते, तर आईनं मला चिमूटभर साखर घेऊन पुन्हा पाठवलं होतं. मावशींनी तेच केलं होतं. डब्यातून उंदीर जातात हे त्यांना दिसलं होतं, तेव्हा त्यांनी उंदीर घातले. आधी स्वतःच्या घरातले, कणगीमागचे. ते संपले तेव्हा वस्तीत सांगितलं. घरोघरचे पिंजरे रात्री लागायला लागले. ज्यांना लाल ठिपका होता ते मी माळावर सोडले की दुपारपर्यंत आपापल्या घरी परतायचे आणि रात्री पुन्हा पिंजऱ्यात सापडायचे. हीच ती निष्ठा, जिच्यावर मी गणितं केली होती. घूस वस्तीतल्या एका सुनेनं मानानं दिली होती. आणि पाचव्या पहाटे उंदीर कमी पडले, तेव्हा बोरं.

हे सगळं त्या सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात सरांचा फोन वाजत होता. मग मी बोलून गेले. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

"मावशी, तुम्ही तुमच्या हातानं माळ घालवलात."

त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं, तेही भरभर, शिक्षा केल्यासारखं. घरातले उंदीर निघाले तर इथं उकिरडा झालाय असं धरतात. रानातले निघाले तर रान आहे असं धरतात. तुम्ही माझे डबे घरातल्या उंदरांनी भरलेत, आता सर ओसाड लिहिणार. मावशी गोणी हातात धरून तशाच बसल्या. गोणी हलत होती. मग त्यांनी हळूच विचारलं, रानातले म्हणजे ते बारकुले का, बोटाएवढे, केसाला काटे असलेले, खडे गोळा करणारे? मी म्हणाले हो, तेच तर हवेत.

"ते तर रोजच असायचे. पाच-सा, कधी आठ. मीच सोडून देत व्हते. असला हाडकुळा जीव तुमच्या हातात कसा द्यायचा? त्याच्या जागी चांगला दाणा खाल्लेला घालत व्हते."

मी खाली बसले. मुरमावरच बसले. मला हसू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम. ज्याच्यासाठी मी इथं आले होते तो प्राणी रोज सकाळी माझ्याच डब्यात सापडत होता, आणि एक बाई पाहुणचारात कमी नको म्हणून त्याला हळूच बाहेर काढून देत होती. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या म्हणाल्या, मला कुणी सांगितलं असतं तर. हे खरं होतं. मी त्यांना झडप उघडू नका एवढंच सांगितलं होतं. का उघडू नका, ते सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं ते त्यांनाच झापायला.

सरांना फोन केला. माळावर रेंज एकाच बोरीखाली मिळते, तिथं काट्यांत वाकून उभं राहावं लागतं. मी जे झालं ते झालं तसं सांगितलं. मग सर म्हणाले, म्हणजे ते अन्न साठवण्याचं? मी म्हणाले, बोरं मावशींनी ठेवली होती. सरांनी दोनदा खात्री करून घेतली. त्यांनी तो फोटो बहुतेक आणखी कुणाला पाठवला असावा. मी त्यांच्याकडे सात रात्री मागितल्या. डबे पुढच्या सोमवारी दुसऱ्या जिल्ह्यात जायचे होते. त्यांनी पाच दिल्या, वर म्हणाले की या वेळी डब्यांना दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये.

मी खोली सोडली आणि मावशींच्या घरी राहायला गेले. पहाटे साडेचारला उठून स्वतः ओळीनं फिरायचे. मावशी डब्याला शिवायच्या नाहीत, पण त्यांना ते सोसत नव्हतं. मी परत आले की विचारायच्या, रिकामे किती? मी म्हणायचे, एकतीस. त्या मान खाली घालायच्या, जणू त्यांच्या लेकीच्या लग्नातून एकतीस माणसं जेवल्याशिवाय उठून गेली. मी त्यांना सांगायचे की नऊ भरले, हे खूप आहेत. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

वस्तीचं वेगळंच. तिथं पाच दिवसांत सवय पडली होती. पहिल्या सकाळी तीन बाया पिंजरे घेऊन दारात हजर. मावशींनी त्यांना सांगितलं की आता घरचे चालत नाहीत, माळावरचेच लागतात. दोघी गेल्या. तिसरी, घूस देणारी सून, अडून बसली. शेजारणीचा उंदीर चार दिवस घेतला, मग आमचाच का नको, असं तिचं म्हणणं. मावशींनी समजावलं, मी समजावलं. ती म्हणाली, आमच्या घरचं धान्य काय हलकं आहे व्हय? शेवटी मी तिचा उंदीर पिशवीत घेतला, वजन केलं, शेपूट मोजली, वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग समाधानानं घरी गेली. दोन-तीन दिवस तिच्याशी माझं बोलणं फार गोड होतं.

दुपारी मावशी मेंढ्यांमागं निघाल्या की मीही जायचे. डब्यांना हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काम काढलं होतं. चालता चालता काठी एखाद्या ठिकाणी टेकवायच्या आणि म्हणायच्या, हे बघ. तिथं बारीक खड्यांची ओंजळभर रास, मध्ये बीळ. मग पुढं आणखी एक. आतापर्यंत मी 'मॅडम' होते, त्या फिरण्यात कधीतरी 'पोरी' झाले. त्यांना कुठल्या बिळात जीव आहे आणि कुठलं सोडून दिलेलं ते खड्यांवरून कळायचं. ताजे खडे जागच्या जागी, सोडलेल्याचे पावसानं पसरलेले. मेंढी बिळावर पाय देऊ लागली की त्या तोंडानं एक आवाज काढायच्या आणि मेंढी वळसा घालायची. मी त्या पाच दिवसांत छप्पन्न बिळं नकाशावर टाकली. मला एकटीला त्यातली दहासुद्धा दिसली नसती.

पाच रात्रींत ते राठ केसांचे सत्तावीस निघाले. शिवाय लांब मागच्या पायांचे, उड्या मारत पळणारे चार, चिचुंद्र्या तीन. एक जाहक डब्यात मावेना म्हणून शेजारीच अंगाचा गोळा करून बसलेला सापडला. मी अहवाल लिहिला. मधले पाच दिवस का धरायचे नाहीत याचं कारण लिहिणं भाग होतं. मी लिहिलं की एका स्थानिक बाईंनी सौजन्यापोटी प्राणी बदलले. सरांनी 'सौजन्यापोटी' खोडून 'स्थानिक हस्तक्षेपामुळे' केलं. मी भांडले. असं वाचल्यावर मावशी म्हणजे कुणी वाळूचोर वाटतात, असं मी म्हणाले. सर म्हणाले, अहवालात सौजन्याला जागा नसते. मी आणखी भांडले असते, पण पुढच्या पानावर त्यांनी 'ओसाड' खोडून तिथं 'राखण्याजोगा' केलेलं दिसलं, म्हणून गप्प बसले.

दोनेक महिन्यांनी कळलं की साइट क्रमांक चार वगळली. काचा दुसऱ्या बाजूला, एका मोडीत निघालेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या जागेवर बसणार. मी जालन्याहून पेढे घेतले आणि स्कूटर काढली. ऊन कडक झालं होतं, माळ पिवळा पडला होता. मावशी दारातल्या हिवराखाली बसून लोकर निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं, माळ राहिला मावशी. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. विचारलं, कशामुळं राहिला म्हणतात? मी म्हणाले, मुख्यतः त्या खडेवाल्यांमुळं.

"म्हंजे उंदरामुळं."

हो, म्हणाले मी.

त्यांनी पेढा तसाच हातात ठेवून मेंढ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझा सासरा ह्याच माळावर चारत गेला. मालक बी हितंच गेले, त्या खैराखाली, मेंढ्या चारता चारता. मला चाळीस साल झाले. ते कुठं लिवलंय का तुझ्या कागदात?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं, कुठंच न्हाई का, बराबर सांग. तेव्हा मी सांगितलं की एका ठिकाणी आहे. अहवालाच्या शेवटी एक तक्ता असतो. त्या जागेला कशाकशापासून धोका आहे ते त्यात भरायचं असतं. वणवा, दगडखाण, कुत्री. त्यात 'मेंढ्यांची चराई' असा एक रकाना आहे. तिथं खूण केलेली आहे.

"धोका कुणाला?"

"उंदरांना," मी म्हणाले.

मावशी हसायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, पुन्हा पुन्हा तो शब्द म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. त्यांच्याबरोबर हसायला मला जमेना. मग त्यांनी पेढा पदराच्या टोकाला बांधला, काठी घेतली आणि मेंढ्या माळावर घेऊन गेल्या. मी हिवराखाली बसून राहिले. त्या रकान्यातली खूण मी माझ्या हातानं केली होती.